लघु जलपरिसंस्था अर्थात गमरे सरांचं डबकं

महेंद्र गमरे सरांनी पर्यावरण शिक्षणाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला, याबद्दल कोपरच्या ‘नवचैतन्य’ सोसायटीत कुणाचीही काही तक्रार नव्हती. माणूस शाळेत विज्ञान शिकवतो, पन्नाशी समोर दिसायला लागलीय, रविवारी घरात बसून बायकोच्या कामात लुडबुड करण्यापेक्षा ठाण्याला जाऊन वर्गात बसतो. बसू दे बापडा. भानगड सुरू झाली ती सरांनी प्रकल्पाचा विषय निवडला तेव्हा.

हा अभ्यासक्रम खास नोकरी करणाऱ्या शिक्षकांसाठी होता. रविवारी नौपाड्यातल्या एका शाळेत वर्ग भरायचा आणि आठवडाभर दुसऱ्यांना ‘गप्प बसा’ म्हणणारी माणसं त्या दिवशी बाकांवर बसून अखंड बडबड करायची. शिक्षकाइतका वात्रट विद्यार्थी दुसरा नाही. मागच्या बाकांवरून खारी फिरायची, आणि न आलेल्या मैत्रिणीची हजेरी पुरुषी आवाजातसुद्धा लागायची. गमरे सर मात्र पहिल्या बाकावर, वही उघडून, ताठ. याआधी दोनदा त्यांनी पदव्युत्तर शिक्षणाला नाव घातलं होतं आणि दोन्ही वेळा मध्येच सोडलं होतं. तिसऱ्यांदा प्रवेश घेतला तेव्हा त्यांची पत्नी माया एवढंच म्हणाली होती, “या वेळी सोडलंत तर मला सांगायला येऊ नका. मला कळेलच.” माया बँकेत होती, तीही तक्रारींच्या टेबलावर. तिला सगळं आधीच कळायचं.

मार्गदर्शक डॉ. दर्शना केळुसकर यांनी प्रकल्पाबद्दल स्पष्टच सांगितलं होतं. “मला जाडजूड बाड नको. तुम्ही राहता तिथे काहीतरी उभं करा. त्यातून शेजारीपाजारी काय शिकले, ते मी स्वतः येऊन बघणार. ते जमलं नाही तर पुढच्या वर्षी परत याच बाकावर.”

मग एकेक जण विषय सांगू लागला. कागदी पिशव्या. कागदी पिशव्या. ओला कचरा-सुका कचरा, त्याची भित्तिपत्रकं. परत कागदी पिशव्या. तिसऱ्या कागदी पिशवीला मॅडमनी एक उसासा सोडला आणि तो उसासा पहिल्या बाकावर बसलेल्या गमरे सरांना थेट लागला. ते उठले आणि म्हणाले, “नागरी निवासी संकुलात लघु जलपरिसंस्थेची निर्मिती व त्याद्वारे रहिवाशांचे पर्यावरणीय प्रबोधन.”

 वर्गात टाळ्या पडल्या. आपण हे काय बोलून बसलो, या विचाराने सर खाली बसले, पण टाळ्या वाजलेल्या होत्या आणि वाजलेल्या टाळ्या परत घेता येत नाहीत.

घरी माया मेथी निवडत होती. तिने विषय शांतपणे ऐकून घेतला.

“म्हणजे डबकं.”

“डबकं नव्हे गं. परिसंस्था. पाणवनस्पती, कीटक, बेडूक, चतुर...”

“बरं, परिसंस्था. पण खाली मीटिंगमध्ये सांगताना डबकंच म्हणा. नाहीतर लोकांना वाटेल पतसंस्था काढताय.”

इमारतीच्या मागे सिमेंटची एक जुनी उघडी टाकी होती. पूर्वी टँकरचं पाणी यायचं त्या काळातली. आता तिच्यात फुटक्या लाद्या, एक कमोड आणि कुणाच्या तरी गणपतीचं थर्माकोलचं मखर सुखाने नांदत होतं. ती टाकी सरांना हवी होती आणि त्यासाठी सोसायटीची परवानगी लागणार होती. सेक्रेटरी सीताराम परब. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला माणूस. कागदाला टाचणी कुठल्या कोपऱ्यात लावावी यावर ते अर्धा तास बोलू शकत आणि संधी मिळाली की बोलतही.

“टाकी ही सोसायटीची मालमत्ता आहे,” परब मीटिंगमध्ये म्हणाले. “तिच्यातला कमोडसुद्धा. तो कुठे हलवणार, ते अर्जात नमूद नाही.”

सरांनी तिथल्या तिथे अर्जात कमोड नमूद केला. मग सूचना सुरू झाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या संचिताने टाकीत कासव सोडायला सांगितलं, तेही उत्तरेला तोंड करून. कासवाने तोंड फिरवलं तर काय, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. सर म्हणाले, कासव पाळणं हा गुन्हा ठरू शकतो, तेव्हा ती म्हणाली, “मग काचेचं ठेवा.” वरच्या मजल्यावरचा विनीत घरात बसूनच कुठल्याशा कंपनीत काम करायचा. तो म्हणाला, “सर, कारंजं टाका ना, खाली निळी लाइट. रील एक नंबर येईल.” तळमजल्यावरच्या केशरबाई म्हात्रे या गावच्या मूळच्या. त्यांच्याच शेतावर ही इमारत उभी राहिलेली, त्यामुळे त्यांना मीटिंगमध्ये कुणी अडवत नसे. त्या म्हणाल्या, “मास्तर, जिताडा सोरा. वर्साभरान खावाला येल.”

“आजी, हे खायचे मासे नाहीत. निरीक्षणासाठी आहेत.”

“निरक्षान करा ना. मंग खावा.”

शेवटी परवानगी मिळाली, दोन अटींवर. एक, सोसायटीच्या पाण्याचा थेंबही वापरायचा नाही. दोन, कमळ लावायचं नाही. “निवडणुका तोंडावर आहेत,” परब गंभीरपणे म्हणाले. “उगाच एक विंग खूश, दुसरी नाराज.”

सरांनी कमळाऐवजी कुमुदिनी आणायचं ठरवलं. ती बाळकुमच्या एका नर्सरीत मिळाली, चिखलाने भरलेल्या टोपलीसकट. टोपली मांडीवर घेऊन सर रिक्षात बसले आणि पहिल्याच खड्ड्यात निम्मा चिखल त्यांच्या पँटवर आला. नेमका त्याच अवस्थेत त्यांना शाळेचा एक पालक भेटला. पालकाने आधी पँटकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि काहीही न विचारता अतिशय सहानुभूतीने “येतो सर, जपा” म्हणून तो निघून गेला. काही विचारलं असतं तर निदान सांगता तरी आलं असतं.

पाण्याचा प्रश्न राहिला होता. सरांनी युक्ती काढली: घरोघरच्या फिल्टरमधून जे पाणी वाया जातं, तेच मागायचं. कल्पना अभ्यासक्रमात शोभेल अशी होती. पण ‘गमरे सर वाया जाणारं पाणी गोळा करतात’ एवढीच बातमी मजल्यामजल्यांवर पोहोचली आणि दारात बादल्या तयार राहू लागल्या. कुणी तांदूळ धुतलेलं पाणी दिलं, कुणी लादी पुसलेलं, एका घरातून तर मासळी धुतलेलं आलं. प्रत्येक बादलीत बोट बुडवून वास घेणारे गमरे सर जिन्यात दिसू लागले. मोठ्या पदवीसाठी माणसाला काय काय हुंगावं लागतं, याची कल्पना विद्यापीठाच्या माहितीपत्रकात दिलेली नव्हती.

तरीही टाकी भरली. कुमुदिनीला पहिली कळी आली. सर सकाळ-संध्याकाळ काठावर उभे राहून नोंदी करू लागले आणि रहिवाशांचं प्रबोधन आता सुरू होईल, मग सुरू होईल, अशी वाट पाहू लागले. सुरू झाले ते डास.

बी विंगमध्ये कुणाला तरी ताप आला. साधा सर्दीचा ताप, पण ‘डबक्यामुळे’ हा शब्द लिफ्टमधून वर गेला आणि जिन्यातून खाली आला. दोनच दिवसांत पालिकेच्या हिवताप विभागाचा आनंदा दळवी हातात लांब दांड्याचा डाव घेऊन दारात हजर. तक्रार कुणी केली ते त्याने सांगितलं नाही, पण तक्रारअर्जाची टाचणी अगदी योग्य कोपऱ्यात लावलेली सरांना दिसली.

टाकीत अळ्या निघाल्या. डावात वळवळणाऱ्या, गुबगुबीत, वादाला जागा न ठेवणाऱ्या. दळवीने नियमाप्रमाणे नोटीस लिहिली आणि फाटकावर चिकटवली. नोटिशीत ‘डासोत्पत्ती स्थान’ असं छापलेलं होतं आणि त्यापुढच्या रिकाम्या जागेत लिहिलं होतं, ‘श्री. महेंद्र गमरे’. पत्ता खालच्या ओळीत होता, पण खालची ओळ वाचतो कोण? येणाराजाणारा प्रत्येक माणूस थांबून वाचत होता की डास गमरे सरांपासून उत्पन्न होतात. विनीतने फोटो काढला. तो फोटो शाळेच्या स्टाफरूममध्ये सरांच्या आधी पोहोचला.

त्या संध्याकाळी सरांनी प्रकल्पाची वही मिटून ठेवली. म्हणाले, “माया, मी विचार करतोय, मॅडमना विषय बदलून मागावा. कागदी पिशव्या. तसं पाहिलं तर पिशवी हा विषयही...”

 मायाने फिल्टरखालची बादली उचलली, चपला घातल्या आणि ती खाली निघाली.

“अगं, कुठे?”

“डबक्यात ओतायला. उन्हाने पाणी उतरलंय. तुम्ही ठरवा पिशव्यांचं, तोवर ती कळी सुकेल.”

सर दोन मिनिटं बसले. मग दुसरी बादली घेऊन तिच्या मागोमाग उतरले. विषय बदलण्याची गोष्ट त्यानंतर घरात निघाली नाही.

आनंदा दळवी नोटीस देणारा माणूस असला तरी मनाने चांगला होता. पुढच्या खेपेला त्याने प्लास्टिकच्या पिशवीत गप्पी मासे आणून दिले. “फुकट मिळतात, सर. अळ्या साफ करतात. औषध नको, काही नको.” मासे बोटाच्या पेराएवढे, पण कामाला एकदम तरबेज. आठवड्याभरात टाकीत अळी औषधालासुद्धा राहिली नाही.

आणि सोसायटी माशांच्या प्रेमात पडली.

हे प्रबोधन नव्हतं, हा लळा होता. सकाळी लोक पेपर घेऊन टाकीपाशी यायचे. संचिता पाव टाकायची, कुणी खारी, कुणी आदल्या दिवशीची पोळी, आणि एका चतुर्थीला उकडीचा अख्खा मोदक पाण्यावर तरंगताना दिसला. पाण्याला वास यायला लागला. सरांनी पाटी लावली: ‘माशांना खाऊ घालू नये. ते डासांच्या अळ्या खातात.’ केशरबाई तेवढ्या निर्विकार होत्या. त्या रोज वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, “यवरी बारीक? कालवनात शोदावी लागतील.”

पाटीचा परिणाम झाला. पाव थांबला, पाणी निवळलं. सरांनी वहीत लिहिलं, ‘रहिवाशांच्या वर्तनात इष्ट बदल.’ शाई वाळायच्या आत आनंदा फेरतपासणीला आला. टाकी स्वच्छ निघाली. मग तो सवयीने इमारतीला एक फेरी मारून आला आणि पंपरूमच्या मागून ओरडला, “सर! हे काय?”

तिथे जाळीने झाकलेली एक निळी बादली होती आणि तिच्यात अळ्या. दोन-चार नव्हेत, बादली हलवली की पाणीच वळवळत होतं. भोवती माणसं जमली. सगळ्यांनी गमरे सरांकडे पाहिलं. दळवीने खिशातून पेन काढलं आणि जड आवाजात म्हणाला, “सर, मला वाईट वाटतंय, पण...”

“थांबा,” मागून आवाज आला. परब पुढे आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “ती बादली माझी आहे.”

“तुमची?”

“ते खाद्य आहे.”

“कुणाचं?”

“माशांचं. सरांनी पाटी लावली, पोळी घालू नका, अळ्या खातात म्हणून. टाकीतल्या अळ्या तर संपल्या. मग मुक्या जिवांना उपाशी ठेवायचं?”

दळवीने पेन खाली केलं. “काका, डास मारायला मासे दिले. तुम्ही मासे जगवायला डास पाळताय?”

“वर जाळी लावलेली आहे,” परब ताठ मानेने म्हणाले.

“जाळीला भोक आहे, काका.”

परबांनी जाळीकडे पाहिलं. भोक होतं.  स्वतःच्या नावाची नोटीस त्यांनी स्वतःच फाटकावर लावली, चारही कोपरे चोख चिकटवून. त्या संध्याकाळी त्यांनी सरांची बेल वाजवली. दारातच उभं राहून म्हणाले, “गमरे सर, ती पहिली तक्रार मीच केलेली.”

“माहीत आहे, परबसाहेब. या, आत या.”

“माहीत आहे? मग बोलला नाहीत ते?”

“तुम्हीही बोलला नाहीत. या, माया चहा टाकतेय.”

चहा पिताना परबांनी विचारलं, “हे मासे मग जगतात कशावर? नीट समजावून सांगा, शाळेत सांगता तसं.” सरांनी शेवाळ, त्यावरचे सूक्ष्मजीव, त्यांना खाणारे किडे, सगळं सांगितलं. परब कान देऊन ऐकत होते. जाताना त्यांनी सरांचं पाठ्यपुस्तक मागून नेलं. दुसऱ्या दिवशी सर दात घासत असताना बेल वाजली. “सर, स्वयंपोषी म्हणजे नक्की काय हो?” त्याच्या दुसऱ्या दिवशी परत बेल. सोसायटीतलं एक माणूस शिकत होतं, हे खरं. पण ते सरांच्या आंघोळीच्या वेळेलाच शिकत होतं.

मॅडमची स्थळभेट ठरली आणि त्याच आठवड्यात वंचक आला. खाडीकडून आलेला, मातकट रंगाचा, पोक काढून बसणारा, बगळ्याचा गरीब चुलता दिसावा असा पक्षी. तो टाकीच्या काठावर पुतळ्यासारखा बसायचा आणि एकदम मान लांबवून मासा उचलायचा. उडाला की मात्र अंगातून लख्ख पांढरे पंख निघायचे. परबांनी पहिला मासा जाताना पाहिला आणि छत्री घेऊन पहारा सुरू केला. झालं, सोसायटीत दोन तट पडले. संचिता आणि अर्धी ए विंग पक्ष्याच्या बाजूने, परब आणि बाकीचे माशांच्या. आयुष्यात पहिल्यांदाच सोसायटीचं भांडण पार्किंगवरून नव्हतं.

रविवारी सकाळी मॅडम आल्या. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टाकीजवळ टेबल, टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपवर भरपूर रंगीत तक्ते असलेलं सादरीकरण. मॅडम खुर्चीवर बसल्या. सरांनी घसा साफ करून “प्रस्तुत प्रकल्पाची उद्दिष्टे” एवढं म्हटलं आणि काठावर वंचक उतरला.

“शूऽऽक!” परब छत्री उगारून धावले.

“काका, बसू दे त्याला!” संचिता ओरडली. “त्याला पोट नाही का?”

“पोट आहे तर खाडीत जावं! आमच्या माशांनी काय घोडं मारलंय?”

“खाडीत काय राहिलंय? सगळं काळं पाणी. म्हणून तर इकडे येतो बिचारा!”

“अहो, मासे संपले तर परत डास. परत ताप!”

“संपत नाहीत, काका,” गॅलरीतून विनीत ओरडला. “गप्पी पिल्लं घालतात, अंडी नाहीत. मी वाचलंय. उलट कुणी खाल्ले नाहीत तर एवढे वाढतील की शेवाळ पुरणार नाही!”

“बगला नाय आला तं डबका कसला त्यो,” केशरबाई पायरीवर बसून म्हणाल्या. “हितं शेत व्हता तवा पन्नास बसाचं.”

सर “कृपया, कृपया” म्हणत मध्ये फिरत होते. लॅपटॉपचा पडदा काळा झाला होता. आपलं तिसरं एम.ए. भर सकाळी, बायकोच्या डोळ्यांदेखत, छत्रीच्या टोकाशी संपतंय, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि मॅडम? मॅडम खाली मान घालून भराभरा लिहीत होत्या.

त्यांनी मान वर करून परबांना विचारलं, “गप्पी आपल्याकडचे नव्हेत, परदेशातून आलेत. हे माहीत आहे तुम्हाला?”

“पाठ्यपुस्तकात आहे,” परब म्हणाले. “म्हणून नदी-खाडीत सोडायचे नाहीत, स्थानिक माशांना त्रास होतो. पण मॅडम, परदेशी असतील. आता ते या सोसायटीचे आहेत.”

मॅडमना हसू आलं. त्या सरांकडे वळल्या. “गमरे सर, खरं सांगा. तुम्ही यांना नेमकं काय शिकवलंत?”

सरांनी लॅपटॉपकडे पाहिलं. मग लोकांकडे. “मॅडम, मी शिकवायला गेलो तेव्हा कुणी शिकलं नाही. नंतर मी नुसता भांडणं सोडवत होतो. त्यात काय झालं ते मलाच नीट सांगता येणार नाही.”

“आणि हा पक्षी रोज यायला लागला तर? मासे कमी होत गेले तर?”

 “माहीत नाही,” सर म्हणाले. “बघत राहू. सगळे मिळून.”

मॅडमनी तेही लिहून घेतलं. तेवढ्यात उडालेला वंचक फिरून परत आला आणि काठावर टेकला. कुणी हललं नाही. परबांची छत्री हातात तशीच वर होती. त्यांनी एकदा पक्ष्याकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे, आणि हळूहळू छत्री खाली घेतली. मान लांब झाली, पाण्यात टुबुक झालं. परबांनी डोळे मिटून घेतले.

निकाल लागला तेव्हा गमरे सर पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते. मायाने गुणपत्रिका दोन्ही बाजूंनी पाहिली, तक्रारीला कुठे जागा नाही याची खात्री केली आणि म्हणाली, “शर्ट बदला. आज बाहेर जेवायचं.” जिना उतरतानाच सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा संदेश आला. सरांनी तो मायाला वाचून दाखवला.

‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की आज वंचक जोडीने आला आहे. कृपया कोणीही मागच्या बाजूस फिरकू नये. दोघांचं जेवण होऊ द्यावं. — सी. रा. परब.’

दोघं पावलं न वाजवता पुढच्या दाराने बाहेर पडले.